इंजिनाची वही

आमच्या घरांत प्रवासाचे प्रकार आजवर दोनच मानले गेले आहेत. एक देवदर्शनाचा आणि दुसरा लग्नमुंजीचा. पुण्याहून निघून थेट चेन्नईपर्यंत जावयाचें, आणि तेथें जाऊन एका आखलेल्या वाटेवर दिवसभर मोटार फिरवून परत यावयाचें, हा तिसरा प्रकार आमच्या पुतण्यानें २०२४ सालच्या फेब्रुवारींत घरांत आणला. तो ऐकून वहिनींनीं प्रथम कपाळाला हात लावला. दादांनीं वर्तमानपत्र खालीं ठेविलें. आणि आम्ही, नेहमींप्रमाणें, दोन्ही पक्षांच्या मध्यें बसलों.

मोटार घरची होती, म्हणूनच प्रश्न अवघड झाला. ती. अण्णांनीं ती २०१४ सालीं घेतली. आतां अण्णा नाहींत, पण गाडीच्या आरशाला त्यांनीं बांधलेली माळ अजून आहे. त्यांत आदल्या वर्षीं एक प्रकरण घडलें होतें. गाडीचा क्लच अकालीं झिजला, आणि दुरुस्ती करणारा म्हणाला, "कोणी तरी फार दामटली आहे." घरांत दामटणारा कोण, याविषयीं दादांच्या मनांत तिळमात्र संशय नव्हता. त्यांनीं आपल्या जमाखर्चाच्या वहींत क्लचची रक्कम चिरंजीवांच्या नांवावर लिहिली आणि किल्ली कपाटांत ठेविली. मुलानें एकदांच सांगितलें, "बाबा, तें मी केलेलं नाहीं." त्यानंतर तो त्या विषयावर बोलला नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर दुसऱ्या कोणत्या विषयावरहि फारसा बोलला नाहीं. सव्वीस वर्षांचा मुलगा व अडुसष्ट वर्षांचे वडील एका ताटाच्या अंतरावर बसून जेवीत, पण त्यांचें संभाषण वहिनींच्या मार्फत चाले.

म्हणून त्यानें जेव्हां स्वतःच्या पगारांतून त्या दिवसाची फी भरून किल्ली मागितली, तेव्हां आम्हांस वाटलें, आतां भडका उडणार. परंतु दादा थोडा वेळ थांबून म्हणाले, "अण्णांची गाडी जिथं जाईल तिथं मी येईन." वहिनी लगेच म्हणाल्या, "मग मीहि येतें. श्रीपेरुंबुदूर वाटेवरच आहे, आणि कांची तिथून किती लांब? भावोजी, तुम्हीहि चला. या दोघांत कोणी तरी बोलणारं हवं." अशा रीतीनें शर्यतीच्या वाटेकडे निघालेली मोटार डबे, पोथी व पाण्याच्या तांब्यासह यात्रेची गाडी होऊन बसली.

निघण्यापूर्वीं चिरंजीवांनीं सुकाणूच्या खालच्या बाजूस हात घालून काडेपेटीएवढें एक यंत्र बसविलें. त्या जागीं सोळा टोकांचें एक खोबण असतें. आपल्यापैकीं बहुतेकांनीं आयुष्यभर गाडी चालवूनहि तें पाहिलेलें नसतें. त्याची जन्मकथा मनोरंजक आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत धुराचा उपद्रव फार झाला, तेव्हां तेथील सरकारनें मोटारींनीं आपले दोष आपणच ओळखून कळवावे असा नियम केला, व १९८८ सालच्या गाड्यांपासून तो लागू झाला. पुढें याच व्यवस्थेची दुसरी पिढी निघाली. ती १९९६ पासून सबंध अमेरिकेंत नव्या मोटारींस सक्तीची झाली, युरोपांत २००१ पासून नव्या पेट्रोल गाड्यांस, आणि आपल्या देशांत भारत स्टेज चारच्या नियमांखालीं २०१३ च्या एप्रिलपासून. म्हणजे अण्णांची गाडी या सक्तीनंतर अवघ्या एका वर्षानें घरीं आली. कायदा झाला तो हवेच्या शुद्धतेसाठीं; पण त्यामुळें इंजिनाला जी वाचा फुटली ती सर्वांसच ऐकूं येऊं लागली.

तें छोटें यंत्र इंजिनाच्या संगणकाला प्रश्न विचारतें, आणि मिळालेलें उत्तर बिनतारी मार्गानें चालकाच्या मोबाइलकडे धाडतें. मोबाइल तें उत्तर वेळेसह टिपून ठेवितो. उत्तरें येतात तीं केवळ आंकड्यांत, आणि त्या आंकड्यांची भाषा सोपी आहे. फेऱ्यांची संख्या विचारली कीं दोन आंकडे येतात. पहिल्यास २५६ नें गुणावें, त्यांत दुसरा मिळवावा, आणि बेरजेस चारानें भागावें. उदाहरणार्थ, २६ व २४८ असे आंकडे आले तर बेरीज होते ६९०४, आणि इंजिनाचे फेरे मिनिटास १७२६. थंडाव्याच्या पाण्याचें उष्णतामान विचारलें तर एकच आंकडा येतो, त्यांतून ४० वजा करावयाचे. १३२ आले तर ९२ अंश.

"चाळीस कशाला वजा करायचे?" दादांनीं मागच्या बैठकीवरून विचारलें. गेल्या कित्येक महिन्यांत मुलाला थेट विचारलेला त्यांचा तो पहिलाच प्रश्न असावा.

"बर्फाच्या मुलखांत शून्याखालचं उष्णतामानहि सांगतां यावं म्हणून, बाबा. आंकडा शून्य ते २५५ एवढाच मावतो. त्यांत उणे ४० पासून २१५ पर्यंत सगळं बसवलं आहे."

दादा कांहीं बोलले नाहींत. पण साताऱ्याच्या अलीकडे त्यांनीं पिशवींतून एक कोरी वही काढली. येथें वाचकांस सांगितलें पाहिजे कीं, दादांची सारी नोकरी वीज-उपकेंद्रांत गेली. तेथें दर तासाला दाब, भार आणि रोहित्राच्या तेलाचें उष्णतामान लॉगशीटवर टिपावें लागे. तीस वर्षें दर तासाला आंकडे लिहिणाऱ्या माणसासमोर कोणी आंकडे मांडले तर तो किती वेळ रुसून बसणार? खंबाटकीचा घाट चढतांना पाणी ९१ वरून ९८ अंशांवर गेलें आणि पलीकडे उतरतांच कांहीं मिनिटांत ९० वर आलें, ही नोंद त्या वहींतली पहिली नोंद होय.

पुण्याहून चेन्नईस जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हा एकच रस्ता आपल्याला चार निरनिराळ्या मुलखांतून नेतो. कऱ्हाड-कोल्हापुरापर्यंत उसाच्या गाड्या. बेळगांवच्या पुढें तांबडी माती. धारवाडास आमचा पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशीं दावणगिरी, चित्रदुर्गाचे उघडे खडक, तुमकूर, आणि संध्याकाळच्या ऐन गर्दींत बंगळूर. सुकाणूवर आम्ही तिघे आळीपाळीनें बसत होतों. तुमकुरापासून पुढें दादांची पाळी होती.

त्या रात्रीं उतरण्याच्या जागीं चिरंजीव दिवसाची नोंद मोबाइलवर पाहात बसले होते. त्यांनीं एक आलेख काढला होता. आडव्या बाजूस वेग आणि उभ्या बाजूस इंजिनाचे फेरे. कोणताहि गिअर पक्का जोडलेला असला म्हणजे वेग आणि फेरे यांचें प्रमाण ठरलेलें असतें. आमच्या गाडीस तिसऱ्या गिअरमध्यें दर हजार फेऱ्यांस सुमारें २२ किलोमीटरांचा वेग मिळतो. त्यामुळें ठिपके एका सरळ रेषेवर बसतात. जितके गिअर तितक्या रेषा. पण क्लच अर्धवट दाबलेला असेल तर फेरे वाढतात व वेग वाढत नाहीं, आणि ठिपके रेषा सोडून मधल्या मोकळ्या जागेंत भटकूं लागतात. पहिल्या गिअरमध्यें गाडी जागची हलवितांना असे थोडे ठिपके सर्वांचेच पडतात. परंतु त्या संध्याकाळच्या आलेखांत दुसऱ्या व तिसऱ्या गिअरच्या रेषांमध्यें ठिपक्यांचा अक्षरशः सडा पडला होता. खालचा गिअर टाकण्याऐवजीं क्लचवर पाय ठेवून गाडी रेटण्याची दादांची जुनी संवय त्यांत स्पष्ट उमटली होती.

आम्हीं मुलाकडे पाहिलें. त्यानें आमच्याकडे पाहिलें, मोबाइल पालथा घातला, आणि म्हणाला, "काका, झोपा आतां. उद्यां लवकर निघायचं आहे." वर्षभर अंगावर घेतलेला आरोप खोडून काढण्याचें साधन हातीं असून तो गप्प राहिला. हा मुलगा उतावळा आहे असें आम्हींहि आजवर मानीत आलों होतों, याची त्या वेळीं आम्हांस लाज वाटली.

तिसऱ्या दिवशीं होसूर, कृष्णगिरी, वेलूर करीत दुपारीं श्रीपेरुंबुदुरास पोहोंचलों. हें रामानुजाचार्यांचें जन्मस्थान. त्यांचा जन्म परंपरेनें इ. स. १०१७ चा मानतात. आदिकेशव पेरुमाळाच्या देवळांत वहिनींना मनाजोगें दर्शन झालें. याच गांवीं २१ मे १९९१ रोजीं राजीव गांधींची हत्या झाली. त्यांचें स्मारकहि आम्हीं पाहिलें. तेथून चेन्नईच्या दिशेनें थोडें पुढें गेलें कीं इरुंगट्टुकोट्टै लागतें. कारखान्यांचा हा सारा प्रदेश. ह्युंदाईचा मोठा मोटार-कारखाना येथेंच आहे. आणि त्यालाच लागून ती धांववाट.

या वाटेचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब ही संस्था १९५३ सालीं स्थापन झाली. आरंभीं तिच्या शर्यती शहराच्या उत्तरेस शोळावरम् येथें, महायुद्धाच्या वेळच्या एका विमानांच्या धांवपट्टीवर होत. पुढें संस्थेनें इरुंगट्टुकोट्टै येथें स्वतःची वाट बांधली आणि १९९० सालीं ती खुली झाली. लांबी ३.७१७ किलोमीटर व वळणें बारा. भारतांतले नामांकित मोटार-शर्यतपटू कधीं ना कधीं या वाटेवर येऊन गेलेले आहेत. पण शर्यती नसतात त्या दिवसांपैकीं कांहीं दिवशीं फी भरून सामान्य माणसासहि आपली रोजची गाडी येथें चालवितां येते. समोरून कोणी येत नाहीं, गुरें नाहींत, पादचारी नाहींत. शिरस्त्राण सक्तीचें, व गाडीची तपासणी झाल्याशिवाय प्रवेश नाहीं. वहिनींना हें सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग सिंहगड रस्त्यापेक्षां हें बरं म्हणायचं." तरी एक गोष्ट घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावी, कीं मोटारीचा साधारण विमा शर्यतीस व वेगाच्या चांचणीस लागू होत नाहीं. येथें जें मोडेल तें आपल्या खिशांतून भरावें लागतें.

सकाळीं प्रथम सर्वांस एक संथ फेरी मारूं देतात. तींत आम्हीं शिरस्त्राण चढवून शेजारीं बसलों. रस्ता गुळगुळीत व रुंद. आणि सपाट माळावर असूनहि प्रत्येक वळण दिसावयाचें तेव्हांच दिसतें. चिरंजीव सांगत होते, वेग सरळ रेषेंत कमी करावा, वळणाच्या आंतल्या कांठाला स्पर्श करून हळूहळू बाहेर यावें. मोबाइल कांचेखालीं पक्का बसविलेला होता, पण त्याकडे एकदांहि पाहिलें नाहीं. "चालवतांना वाचायचं नाहीं, काका. तो लिहील, आपण मागून वाचूं."

आणि मागून वाचण्यांतच खरा आनंद आहे. वीस मिनिटांची पहिली पाळी झाली. सर्वांत जलद फेरी २ मिनिटें ३१ सेकंदांची निघाली. मोबाइल स्वतःची जागा उपग्रहांवरून सेकंदास एकदां ओळखतो. १२० किलोमीटरांच्या वेगानें गाडी तेवढ्यांत ३३ मीटर पुढें जाते, म्हणजे वळणाचा अर्धा भाग नोंदीवांचूनच निघून जावयाचा. म्हणून त्यानें सेकंदास दहा वेळां जागा सांगणारें निराळें यंत्र छपराला लावलें होतें. इंजिनाकडूनहि उत्तरें एकामागून एक येतात; जितके प्रश्न अधिक तितकी प्रत्येकाची पाळी उशिरानें. त्यानें पांचच गोष्टी विचारल्या होत्या: फेरे, वेग, ॲक्सिलरेटर किती दाबला, आंत घेतलेल्या हवेचें उष्णतामान, व पाण्याचें उष्णतामान. आलेखांत एका लांब वळणापूर्वीं ॲक्सिलरेटरची रेषा दर फेरीला एकाच जागीं खालीं येत होती. तो हंसून म्हणाला, "इथं मला भीति वाटते. मला माहीत नव्हतं, पण यानं लिहून ठेवलं आहे."

दादा पाण्याच्या रकान्याकडे पाहात होते. पहिल्या पाळींत कमाल १०१ अंश. त्यांनीं वहींत टिपलें. चाळीस मिनिटांच्या विश्रांतीनंतर दुसरी पाळी झाली. फेरी २ मिनिटें २७ सेकंद, पाणी १०६. तिसरी पाळी झाली. फेरी २ मिनिटें २४ सेकंद, पाणी ११२. मुलाचा चेहरा फुलला होता. चौथी व शेवटची पाळी उरली होती, आणि २ मिनिटें २० सेकंदांच्या आंत येण्याची त्याला खात्री वाटत होती. ज्यासाठीं बाराशें किलोमीटर आलों तें आतां हाताशीं आलें होतें.

"गाडी तापते आहे," दादा म्हणाले.

"बाबा, ट्रॅकवर तापणारच. लाल दिवा लागलेला नाहीं."

आमच्या गाडींत उष्णतामानाचा कांटा नाहीं, केवळ दिवा आहे. आणि दिवा लागतो तो संकट दारांत आल्यावर. जुने दादा असते तर एवढ्यावर आवाज चढला असता. त्याऐवजीं त्यांनीं वही मुलाच्या मांडीवर ठेविली. एका पानावर खंबाटकी, दुसऱ्या पानावर आजच्या तीन पाळ्या.

"मी तुला थांब म्हणत नाहीं. एवढंच पाहा. हवा सकाळीं ३१ होती, आतां ३३. फरक दोन अंशांचा. तूं ॲक्सिलरेटर तिन्ही वेळां जवळजवळ तितकाच दाबला आहेस. भार तोच, हवा तीच, आणि पाणी दर खेपेस पांच-सहा अंशांनीं चढतं. घाटांत तें चढलं, पण लगेच उतरलं. इथं चाळीस मिनिटं उभी राहूनहि गाडी दर खेपेस अधिक ऊन निघते. रोहित्राचं तेल असं वागलं तर आम्ही भार काढून घेत असूं, आणि मग कारण शोधत असूं. दिवा लागेपर्यंत थांबत नव्हतों."

मुलानें दोन्ही पानें पुन्हां पुन्हां पाहिलीं. बाहेर चौथ्या पाळीची हांक झाली. इतर गाड्या रांगेंत लागल्या. त्याचा हात एकदां शिरस्त्राणाकडे गेला. मग त्यानें तें बांकावर ठेविलें आणि म्हणाला, "काका, बॉनेट निवूं द्या. अर्ध्या तासानं उघडूं."

उघडल्यावर कारण सांपडलें. रेडिएटरच्या वरच्या होज पाइपाची पकड सैल झाली होती, आणि पाइपाच्या तोंडाशीं हिरवट पांढरा पापुद्रा धरला होता. कूलंट थेंबाथेंबानें बाहेर जात होतें. टांकींतली पातळी खालच्या खुणेच्याहि खालीं गेली होती. या पाण्याला दाबाखालीं ठेवितात म्हणूनच तें शंभर अंशांवरहि उकळत नाहीं. गळतींतून दाब सुटला कीं तें आश्रय संपतें. आणखी वीस मिनिटें गाडी तशीच पळती तर इंजिनाचें डोकें वांकण्याची भीति होती. आणि समजा तेथें कांहीं झालें नसतें, तरी परतीच्या वाटेवर, रात्रीं, वहिनी गाडींत असतांना तें झालें असतें. दादा व मुलगा, दोघेहि इंजिनावर वांकून उभे होते. कोणी कोणास कांहीं म्हटलें नाहीं. फक्त दादांनीं आपला रुमाल मुलाच्या हातीं दिला.

श्रीपेरुंबुदुरच्या एका मेस्त्रीनें दुसऱ्या दिवशीं नवा पाइप व नवी पकड बसविली. त्याला मराठी येत नव्हती, आम्हांस तमिळ. पण वहींतले आंकडे दाखवितांच त्यानें मान डोलाविली आणि ११२ वर बोट ठेवून जीभ चावली. नंतर आम्ही कांचीस गेलों. वहिनींनीं वरदराजाच्या देवळांत दर्शन घेतलें, आणि बाहेर आल्यावर स्वतःसाठीं एक व धाकट्या जावेसाठीं एक अशीं दोन रेशमी लुगडीं घेतलीं. त्या खरेदीची नोंद मात्र कोणत्याहि यंत्रानें ठेविली नाहीं.

परतीच्या वाटेवर पाणी ९० ते ९३ च्या मध्यें राहिलें. धारवाडच्या मुक्कामीं दादांनीं मोबाइल मागून घेतला व चष्मा लावून एकेक आलेख पाहूं लागले. मुलाच्या धांववाटेवरच्या ठिपक्यांपाशीं ते थांबले. रेषा कशा दोरीनें आंखल्यासारख्या होत्या. मग त्यांच्या हातानें तुमकूर ते बंगळूरचें पान उघडलें.

"हे ठिपके रेषांवर कां बसत नाहींत?" त्यांनीं विचारलें.

मुलगा गप्प राहिला. आम्हीहि गप्प राहिलों. वेळ लिहिलेली होती, आणि त्या वेळीं सुकाणूवर कोण होतें हें दादांना सांगण्याची गरज नव्हती. तीस वर्षें लॉगशीट वाचलेल्या माणसाला दोन मिनिटें पुरलीं. त्यांनीं मोबाइल परत दिला आणि दिवा मालविला.

पुण्यास परतल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादा जमाखर्चाची वही घेऊन बसले. आम्ही चहा घेत होतों. त्यांनीं मागचीं पानें चाळलीं, क्लचच्या रकमेवरचें चिरंजीवांचें नांव एका रेघेनें खोडलें, तेथें स्वतःचें नांव लिहिलें, आणि खालीं तारखेसह सही केली. उपकेंद्रांत चुकीची नोंद दुरुस्त करण्याची तीच पद्धत होती. मग कपाटांतली किल्ली आणून मुलाच्या ताटाशेजारीं ठेविली.

"पुढच्या खेपेस," ते म्हणाले, "ती चौथी पाळी राहिली आहे ती पुरी कर. आणि जातांना मला क्लच कसा सोडायचा तें दाखव."

वहिनी स्वयंपाकघरांत होत्या. हें संभाषण, कित्येक महिन्यांनीं, त्यांच्या मार्फत झालें नाहीं.